पूर दिसतो, तळ दिसत नाही

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या कळंबला पावसाळ्यात एक ठरलेला कार्यक्रम असतो. डिंभ्याचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की माणसे घोडनदीच्या पुलावर जमतात. पाणी कुठवर आले, कोणाची मोटार बुडाली, कोणत्या साली याच्याही वर होते, यावर चर्चा रंगते. म्हाताऱ्यांची आणि तरण्यांची साले जुळत नाहीत, त्यावरून थोडे भांडणही होते. दोन दिवसांनी पाणी उतरते, गर्दी पांगते, आणि पुढच्या पावसापर्यंत नदीकडे पाहायचे कोणाला कारण उरत नाही.

मीही त्या गर्दीत लहानपणापासून उभी राहिले आहे. परंतु भूगोल विषय घेतल्यापासून माझे असे मत बनत चालले आहे की आम्ही सगळे पुलावर उभे राहून भलतीकडेच पाहत असतो. पाणी किती चढले ते आम्ही मोजतो. तळ किती उतरला ते कोणी मोजत नाही. वस्तुतः काठ, विहिरी, मोऱ्या, पूल ही मंडळी बहुधा पायाखालूनच जातात.

ही गोष्ट मला आधी आजीकडून कळली, पुस्तकातून नंतर. आमच्या वस्तीच्या बायका नदीवर जिथे धुणे धुतात तिथे दगडी पायऱ्या आहेत. आजी म्हणते, "मी नांदायला आले तव्हा चैतातबी खालची पायरी पाण्यात असायची." आज त्या पायरीच्या खाली दोन मोठे धोंडे टाकलेले आहेत आणि आई त्या धोंड्यांवर उभी राहून कपडे आपटते. पायरीच्या पोटातली डबर उघडी पडली आहे. वस्तीत कोणालाही विचारा, उत्तर एकच: पाणी कमी झाले. पण नुसते पाणी कमी झाले असते तर पात्र आटून अरुंद झाले असते. इथे काठ उंच झाल्यासारखा दिसतो. काठ काही वाढत नाही. मग खाली गेला तो तळ.

आता थोडे घरचे सांगते, कारण ते न सांगता हा लेख लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझ्या वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आमचे रान दीड एकर, त्यातले वीसेक गुंठे थडीचे. शेतीत भागत नसे तेव्हा आण्णा वाळूच्या ट्रॉल्या भरायला जात. रात्री जात, पहाटे येत. ती वाळू परवान्याची होती की बिनपरवान्याची हे भरणाऱ्याला कोणी सांगत नसे आणि तोही विचारत नसे. माझा दहावीचा क्लास, अकरावीची फी आणि पहिली सायकल त्या मजुरीतून आली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी कोणत्या वाळूत बांधलेली आहे हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून वाळू काढणाऱ्याला चोर म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही.

मी एकदा आण्णांना विचारले होते, "एवढी वाळू काढता, नदीचे काय?" ते म्हणाले, "अगं, नदी काय सावकार आहे का? दरसाल पूर येतो, काढलेली जागा भरून येते. आम्ही पोरं होतो तेव्हापासून बघतोय." आण्णा खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. मात्र ते ज्या नदीविषयी बोलत होते ती नदी आता राहिलेली नाही.

वाळू नदीत उगवत नाही. ती वरून येते. सह्याद्रीच्या कड्यावरचा काळा दगड झिजतो, फुटतो, ओढ्यांनी गडगडत खाली येतो आणि येताना बारीक होतो. घोडनदीचा उगम आहुप्याच्या बाजूला, ऐन घाटमाथ्यावर, जिथे पाऊस कोसळतो. म्हणजे वाळूचा कारखाना तिकडे. आणि तो कारखाना आणि आमचे कळंब यांच्या मधोमध आज डिंभ्याचे धरण आहे. हुतात्मा बाबू गेनू सागर असे त्याचे नाव. बाबू गेनू आमच्या शेजारच्या महाळुंगे पडवळचे. साडेतेरा टीएमसी पाणी साठवणाऱ्या या धरणाने तालुका बागायती केला, हे मी विसरत नाही. आमच्या ताटातली भाकरीही त्याच पाण्याची आहे. (ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव याच पाण्याखाली गेले, हेही विसरू नये.) परंतु धरण पाणी अडवते तेव्हा वाळू आणि गोटेही अडवते. दरवाजातून बाहेर पडते ते पाणी जवळजवळ रिकाम्या हाताचे असते. अशा पाण्याला शास्त्रज्ञ 'भुकेले पाणी' म्हणतात. वाहून नेण्याची ताकद आहे पण ओझे नाही; मग ते खालच्या पात्रातून आणि काठांतून ओझे उचलते. थोडक्यात, आण्णा लहान होते तेव्हा नदी देत होती. आता धरणाखालच्या ओढ्यांनी जे काही आणले तेवढेच तिच्याजवळ येते, आणि तिला स्वतःलाच वाळूची भूक आहे. त्यात आम्ही फावडे घेऊन उतरतो.

किती काढतो? याचा हिशेब कोणालाही करता येईल. वाळू ब्रासमध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभर फूट रुंदीच्या पात्राचा एक फूट लांबीचा तुकडा एक फुटाने खाली गेला की एक ब्रास निघाली. म्हणजे हजार फूट लांबीचा तळ फूटभर उतरवायला हजार ब्रास पुरते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ब्रासभर मावते असे धरू. हजार ट्रॉल्या! आमच्या लहानपणी, बांधकामांचा जोर असताना, रात्री झोपेत ट्रॅक्टर मोजायचा नाद मला होता. एका हिवाळ्यात हजारांवर मोजणी सहज गेली असती. मी मात्र वीस-पंचविसाला झोपून जाई.

फूटभर तळ गेला तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. काठ तेवढाच उभा राहतो आणि तळ खाली जातो, म्हणजे काठाची उंची वाढते. चिबड मातीचा उंच काठ पुराचे पाणी चढेपर्यंत उभा असतो. पाणी झपाट्याने उतरले की ओलाव्याने जड झालेला काठ आधार सुटून खाली बसतो. आमच्या वीस गुंठ्यांतले तीन-चार गुंठे असे गेले. भर पुरात नाही हं. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी, उन्हात, सगळे जेवायला बसलेले असताना. आण्णा बांधावर जाऊन बराच वेळ उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर एकदा काठच्या विहिरीवरची मोटार पाणी सोडेना म्हणून पाहिले, तर फूटव्हॉल्व्ह हवेत. विहीर आणखी खोल करायला जो खर्च झाला तो वाळूच्या किती रात्रींच्या मजुरीइतका होता, हे मी आण्णांना विचारले नाही.

तळ उतरतो तेव्हा तो एका जागी थांबत नाही, ही गोष्ट मला सर्वांत चकित करणारी वाटली. नदीचा तळ खाली गेला की तिला मिळणाऱ्या ओढ्याचे तोंड अधांतरी होते. ओढ्याचे पाणी तिथे उडी घेते, उडी घेते तिथे खणते, आणि ती उडी हळूहळू मागे सरकत जाते. म्हणजे नदी ओढ्यात शिरते ती उलट्या दिशेने. जिथे कोणी घमेलेभर वाळू काढलेली नाही अशा ठिकाणीही ओढा खोल होत जातो. आमच्या वस्तीच्या ओढ्यावर एक मोरी होती. मी दहावीत असताना एका पावसात ती बसली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही पोरे दप्तरे डोक्यावर घेऊन ओढा उतरत होतो आणि दुधाच्या किटल्याही तशाच जात होत्या. पाऊस फार झाला म्हणून मोरी गेली, असे सर्वांनी मान्य केले. परंतु त्याहून मोठे पाणी त्या मोरीवरून गेलेले आजीने पाहिलेले होते. मोरी बसण्याच्या आधी दोन वर्षे आम्ही पोरे तिच्या खालच्या अंगाच्या फरशीखाली लपाछपीत लपत होतो! फरशीखाली पोर मावेल एवढी पोकळी होती, तिला आम्ही गुहा म्हणत होतो. मोठ्या माणसांपैकी कोणी वाकून पाहिले नाही. नवी मोरी झाली ती जुनीपेक्षा उंच झाली. खोल झाली नाही.

मोरीचे जे, तेच पुलाचे; फक्त पुलाच्या बाबतीत नदी आणखी एक लबाडी करते. वाहते पाणी पुलाच्या खांबाला धडकले की सगळे बाजूने निघून जात नाही. काही पाणी खांबाच्या तोंडावरून खाली सूर मारते, तळाशी खणते आणि खांबाला दोन्ही बाजूंनी वेढा घालून पुढे जाते. वरून पाहिले तर त्या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो. (आमच्या नदीचे नावच घोड, तेव्हा हे मला लगेच पाठ झाले.) या भोवऱ्याने खांबाच्या बुडाशी खड्डा पडतो, आणि तो सर्वांत खोल असतो तो ऐन पुरात, जेव्हा गढूळ पाण्यात कोणाला काही दिसत नाही. पूर ओसरू लागला की वरून येणारी वाळू आणि गाळ त्याच खड्ड्यात बसतो. चार दिवसांनी साहेब लोक पाहणीला येतात तेव्हा तळ सपाट दिसतो. खड्डा पडलाही आणि बुजलाही. साक्षीदार कोणी नाही. बुजलेली वाळू भुसभुशीत असते, पुढच्या पुरात ती आधी निघते.

याची किंमत किती असते हे पाहायला फार लांब जायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि आणखी काही वाहने अंधारात त्या खाईत पडली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात पूल धोकादायक आढळला नव्हता, असे त्या वेळी सरकारकडूनच सांगण्यात आले. माझ्या मते या एका वाक्यात आपल्या सगळ्या पाहणीची पद्धत आली. मे महिन्यात जे डोळ्यांना दिसते ते पाहायचे. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, उभा राहिला. बांधण्यात आपण मागे नाही. दुसरे उदाहरण पोर्तुगालचे. ४ मार्च २००१ रोजी डोरो नदीवरचा हिन्त्झे रिबेरो हा एकोणिसाव्या शतकातला पूल कोसळला. एक बस आणि तीन मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसे मेली. चौकशीत दिसून आले की वर्षानुवर्षे वाळू उपसल्याने नदीचा तळ खाली गेला होता आणि एका खांबाचा पाया उघडा पडत गेला होता. त्या खात्याच्या मंत्र्याने लगेच राजीनामा दिला. तिथेही लोक पुलावरून रोज जात होते आणि पाणी पाहत होते.

आपल्याकडे या विषयाचे ज्ञान नाही असे मुळीच नाही, उलट ते आपल्या दारात आहे. जेराल्ड लेसी नावाच्या अभियंत्याने १९३० साली उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या अनुभवावरून मांडले की गाळाच्या पात्रात वाहणारे पाणी आपली रुंदी, खोली आणि उतार स्वतःच ठरवून घेते, आणि एकदा ठरवले की त्याभोवती स्थिर राहते. पुण्याजवळ खडकवासल्याचे जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचे. तिथे काम केलेल्या क्लॉड इंग्लिस यांनी पुलाच्या खांबांशी होणारी खरवड मोजली आणि जगभरच्या पुस्तकांत ते सूत्र 'इंग्लिस-पूना' या नावाने गेले. आपल्याकडे रस्त्याच्या पुलाचा पाया काढताना लेसीच्या खोलीच्या दुप्पट खरवड खांबाशी धरायची, असा नियम आहे. म्हणजे आपल्या पुण्याचे नाव ज्या शास्त्रात आहे, ते शास्त्र पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आमच्या मोरीपर्यंत पोचलेले नाही. आणि हेही ध्यानात घेतले पाहिजे की हा सगळा हिशेब नदी पुरात स्वतः किती खणेल याचा आहे. माणूस उन्हाळ्यात किती खणेल याचे सूत्र लेसीने दिलेले नाही.

माझ्या वर्गातल्या एका मित्राने यावर आक्षेप घेतला. नद्या बदलतच असतात, त्यात रडायचे काय, असे तो म्हणाला. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची ती राख असे काहींचे मत, तर ती त्याहून कित्येक लाख वर्षे जुनी असे इतरांचे. काहीही असो, राख पडल्यावर नदीने तिच्यावर गाळाचे थर चढवले आणि पुढे तोच गाळ कापून ती पुन्हा खाली उतरली. डेक्कन कॉलेजचे प्रा. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांची ही चढ-उतर आयुष्यभर वाचली. घोडकाठच्याच चांडोलीला १९६०-६१ मध्ये उत्खनन होऊन तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली, आणि खाली शिरूर तालुक्यात इनामगावला तर त्या काळच्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवायला घातलेला बांध आणि चर सापडला. तेव्हा मित्र म्हणतो ते खरे, नदी बदलते. पण हजारो वर्षांत जो बदल होतो तो आजीच्या एका हयातीत झाला, तर त्याला नदीचा स्वभाव म्हणता येणार नाही. इनामगावच्या माणसांना निदान बांध घालण्याइतपत नदी कळली होती.

वाळूवर आपल्याकडे चर्चा होत नाही असे नाही, रोज होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. २०२३ साली राज्य सरकारने सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ साली दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचे धोरण आले. (तो दगड कुठला? आमच्या डोंगरांचाच.) या सगळ्या चर्चेत भाव असतो, महसूल असतो, चोरी असते, डंपर पकडल्याचा फोटो असतो. तळ किती फूट उतरला हा आकडा मी आमच्या भागातल्या एकाही बातमीत वाचलेला नाही. आकडा नसला की वाद नुसता माणसांवर येतो. मग तहसीलदार वाईट, नाहीतर ठेकेदार वाईट, नाहीतर माझे आण्णा वाईट. आकडा असता तर या टप्प्यात वाळू उरलीच नाही, इथे एक फावडेही नको, आणि त्या टप्प्यात ओढे आणतात तेवढी काढायला हरकत नाही, असे बोलता आले असते. ट्रॉली भरणाऱ्या माणसालाही ते पटले असते, कारण थडीचे रान त्याचेच असते.

आणि हा आकडा काढायला मोठे यंत्र लागत नाही. आपल्या भूगोल विभागात डम्पी लेव्हल आहे. दरवर्षी आम्ही ती कॉलेजच्या मैदानावर लावतो आणि त्याच मैदानाची उंची काढतो, जिथे काहीही खचत नाही. मागच्या वर्गाचे आणि आमचे उत्तर सारखेच येते, आणि काही जण तर ते मागच्या वर्गाच्या जर्नलमधूनच उतरवतात, हे प्राध्यापकांनाही माहीत आहे. ही लेव्हल वर्षातून दोनदा नदीवर न्यावी. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर, बंधाऱ्याला ढापे बसवायच्या आधी, एकदा. लेव्हल नसेल तर दोरी चालेल. पुलाच्या कठड्यावर रंगाने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपासून वजन बांधलेली दोरी तळापर्यंत सोडायची आणि माप वहीत लिहायचे. घाटाच्या पायऱ्या, काठच्या विहिरी, ओढ्याची तोंडे यांचीही नोंद ठेवायची. पहिल्या वर्षी त्या आकड्यांना काहीच अर्थ नसेल. पाचव्या वर्षी येईल. आम्ही तोपर्यंत पास होऊन गेलेलो असू, म्हणून वही विभागात राहायला हवी.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोरीचा प्रयोग आमच्या नव्या मोरीवर करून पाहिला. फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला वजन म्हणून तराजूतले जुने माप बांधले. वाऱ्याने दोरी हलत होती, माप नीट येईना. आण्णा शेतातून येत होते, थांबले. काय चालले आहे ते मी सांगितले. त्यांनी दोरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "इथं नको सोडू, इथं राडारोडा टाकलाय. खालच्या अंगाला सोड, तिथं खणतंय." मग तेच पोटावर आडवे होऊन कठड्यावरून वाकले. गाठी मी मोजल्या आणि माप वहीत लिहिले. तारीख लिहिली. दुसरे माप मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी परीक्षा संपल्यावर मला सांगावे; एस.टी. कळंबच्या थांब्यावर उतरवते, पुढचे अंतर चालत आहे.